कंटेनर पोचला, कागद अडकला: महामारीनं परदेशी व्यापाराला डिजिटल कसं केलं

एप्रिल २०२० चा पहिला आठवडा. टाळेबंदीच्या आधी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळच्या एका पॅकहाऊसमधून निघालेला केळीचा कंटेनर आखातातल्या बंदरावर उभा होता. आत साडेतेरा अंश तापमान, माल हिरवागार, एकही फणी पिवळी पडलेली नाही. घेणारा व्यापारी जुना होता आणि रमजान तोंडावर आल्यानं त्याला माल तातडीनं हवा होता. तरीही कंटेनर सुटत नव्हता, कारण जहाज कंपनीनं दिलेली मूळ कागदपत्रं कुरिअरच्या लिफाफ्यात मुंबईतच पडून होती. बंदरावर थंड कंटेनर सतत विजेला जोडून ठेवावा लागतो. त्या विजेचे आणि जागेचे पैसे रोज चढत होते. ज्यांच्या बागेतला माल होता ते नाना मला फोन करायचे, "माल पोचला ना भो? मग पैसे कुठं अडले?"

निर्यातीची कागदपत्रं तयार करणं हे माझं काम. पण नानांना त्या वेळी मी नीट सांगू शकलो नाही, कारण त्या प्रश्नाचा आवाका मलाच अजून कळला नव्हता. जगभर पसरलेली साथ देशादेशांतल्या व्यापारात संगणक आणि मोबाईलला कुठून आत घेते, त्यातलं काय टिकतं आणि काय जुन्या वाटेनं परत जातं, हे नानांना समजेल अशा शब्दांत सांगायचा हा प्रयत्न.

एका कंटेनरमागे किती हात

रावेरचा व्यापारी दिल्लीला माल पाठवतो तेव्हा व्यवहार दोन-तीन माणसांचा असतो. गाडी भरली, फोन झाला, पैसे आले. समुद्रापलीकडे माल जायचा म्हटलं की मधली माणसं वाढतात. निर्यातदार, त्याची बँक, कस्टमचं काम बघणारा एजंट, कस्टमचा अधिकारी, मालाला रोग-कीड नाही असा दाखला देणारं सरकारी कार्यालय, माल भारतातलाच आहे असा दाखला देणारी संस्था, जहाज कंपनी, मग पलीकडच्या देशातली हीच सगळी साखळी आणि शेवटी घेणारा. यातले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेले नसतात. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विसंबावं कसं, या अडचणीतून कागद आला. शिक्का, सही, तीन मूळ प्रती हे सगळं त्यासाठीच.

या कागदांत सगळ्यात वजनदार म्हणजे बिल ऑफ लेडिंग, आमच्या बोलण्यात बीएल. माल ताब्यात घेतल्यावर जहाज कंपनी ते देते. वखारीत माल ठेवला की पावती मिळते, तसंच. पण या पावतीची ताकद मोठी आहे. मूळ बीएल ज्याच्या हातात, माल सोडवून घ्यायचा हक्क त्याचा. म्हणून ते एकाकडून दुसऱ्याला देऊन वाटेतला माल विकता येतो, बँकेकडे तारण ठेवता येतं. निर्यातदार बीएल बँकेमार्फत पलीकडे पाठवतो, खरेदीदार तिकडच्या बँकेत पैसे भरतो, बँक त्याला बीएल देते आणि ते दाखवून तो माल उचलतो. आपल्या बाजारात एका हातानं माल द्यायचा आणि दुसऱ्या हातानं पैसे घ्यायचे असं होतं. समुद्रावर ते शक्य नाही, म्हणून ती अदलाबदल या कागदावर होते.

मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरात जहाज साधारण आठवड्याच्या आत जातं. मार्च २०२० मध्ये जहाजं चालू होती. कागद मात्र विमानानं जातो, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भारतानं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली. मालवाहू विमानं उडत होती, पण जगातल्या हवाई मालापैकी निम्म्याच्या आसपास माल एरवी प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. प्रवासी थांबले तसा लिफाफाही थांबला. मुंबईतल्या बँका मोजक्या माणसांवर चालत होत्या, कुरिअरची मुलं नाक्यानाक्यावर अडत होती. नाशवंत माल कागदाच्या आधी जाऊन पोचला. नानांचे पैसे अडले होते ते विमानतळावर.

साधनं फळीवरच होती

महामारीनं नवं तंत्रज्ञान आणलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इलेक्ट्रॉनिक बीएलची बोलेरो ही व्यवस्था १९९९ मध्ये सुरू झाली, म्हणजे करोनाच्या वीस वर्षं आधी. झूम २०१३ पासून आहे. थंड कंटेनर कुठे आहे आणि आत किती तापमान आहे हे ग्राहकाला दुरून बघता येईल अशी सोय मेर्स्क या जहाज कंपनीनं २०१७ मध्ये दिली. कागदपत्रं स्कॅन करून चढवण्यासाठी आपल्या कस्टम खात्यानं ई-संचित २०१८ मध्ये आणलं. मालाच्या मूळ देशाचा दाखला ऑनलाइन देणारी परकीय व्यापार महासंचालनालयाची व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. सगळं फळीवर होतं. आम्ही त्याला हात लावत होतो तोही अर्धवट. अर्ज ऑनलाइन करायचा, त्याचीच प्रत काढायची आणि शिक्क्यासाठी रात्रीच्या गाडीनं मुंबईला माणूस धाडायचा. कित्येकदा तो माणूस मीच असायचो.

असं का, हे समजायला बारागाड्या आठवा. आमच्या खान्देशात खंडेरावाच्या किंवा मरीमातेच्या यात्रेत भगत बारागाड्या ओढतो. बैलगाड्या एकामागे एक बांधलेल्या असतात, वर माणसं बसलेली असतात. एका गाडीचं चाक रुतलं की पुढच्या-मागच्या सगळ्याच थांबतात. परदेशी व्यापारातली कागदाची साखळी अशीच बांधलेली आहे. निर्यातदारानं ठरवलं की आपण कागद सोडायचा, तरी त्याची बँक मूळ प्रत मागते. ती बँक तयार झाली तर पलीकडची बँक अडते. दोन्ही बँका तयार झाल्या तर पलीकडचं कस्टम शाईची सही मागतं. गावात एकाच घरी टेलिफोन असेल तर त्या घरालाही त्याचा उपयोग नसतो, कारण बोलायचं कुणाशी? अर्थशास्त्रात याला जाळ्याचा परिणाम म्हणतात. साधनाचं मोल ते किती जण वापरतात त्यावर ठरतं. एकट्यानं डिजिटल होता येत नाही.

त्यात भीतीही आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. कागदाविना माल सोडणारा पहिला अधिकारी किंवा बँकेतला पहिला माणूस उद्या काही चुकलं तर एकटा अडचणीत येतो. जुन्या पद्धतीनं काम करून उशीर झाला, नुकसान झालं, तर त्याला कुणी जाब विचारत नाही. अशा ठिकाणी समजूतदार माणूससुद्धा शिक्काच मागणार.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महामारी म्हटलं, २५ मार्चपासून भारत बंद झाला, आणि हे गणित उलटलं. पूर येतो, संप होतो, एखाद्या देशात नोटाबंदी होते, तेव्हा अडचण एका बाजूला असते. पलीकडच्याचं काम चालू असतं, त्यामुळे तो तुमच्यासाठी स्वतःचे नियम बदलत नाही. जागतिक साथ मात्र दोन्ही टोकांना एकाच वेळी येते. दुबईची बँक, न्हावा शेवाचा अधिकारी आणि सावद्याचा निर्यातदार तिघेही घरात बसलेले, आणि तिघांनाही माहीत की समोरचाही घरातच आहे. कागद मागायचा तर कुणाकडे मागणार? बाराही गाड्या एकदम रुतल्या, म्हणून बाराही जणांनी एकदम खांदा लावला. माझ्या मते सगळ्या बदलाचं मूळ इथे आहे.

सवलती भराभर आल्या. कस्टमनं एप्रिल २०२० मध्ये तात्पुरतं, मुद्रांकावर लिहून द्यायच्या बाँडऐवजी साधं हमीपत्र घ्यायला सुरुवात केली. रोग-कीड नसल्याच्या दाखल्याची स्कॅन प्रत अनेक देशांनी काही काळ चालवून घेतली. जहाज कंपन्यांकडे टेलेक्स रिलीज नावाची जुनी सोय होती, तिची मागणी वाढली. मूळ बीएल माल निघाला त्याच गावात जहाज कंपनीला परत करायचं आणि तिनं पलीकडच्या आपल्या ऑफिसला कळवायचं की माल द्या, अशी ती सोय. नाव तारेसारखा संदेश धाडणाऱ्या जुन्या टेलेक्स यंत्राचं राहिलं, काम आता ईमेल करतो. आमचा कंटेनर असाच सुटला. खरेदीदारानं आधी पैसे पाठवले, कुरिअरकडून लिफाफा परत मिळवला, मूळ प्रती जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जमा झाल्या आणि पलीकडे संदेश गेला. त्या जुन्या खरेदीदारानं बीएल हातात नसताना पैसे पाठवले, हे मी विसरलेलो नाही. ती वर्षानुवर्षांची ओळख होती. तिच्याकडे पुढे येतो.

आधीच्या साथींत काय झालं

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी अमेरिकेत टेलिफोन घरोघरी पोचू लागले होते. घरात अडकलेल्या माणसांना त्याचा आधार व्हायला हवा होता. पण तेव्हा फोन जोडायला ऑपरेटर लागत. त्या बायकाच आजारी पडल्या, आणि गरजेशिवाय फोन करू नका असं टेलिफोन कंपन्यांना जाहिराती देऊन सांगावं लागलं. माणसाच्या हातावर चालणारं साधन साथीत माणसाबरोबरच अंथरूण धरतं. २०२० मध्ये इंटरनेट उभं राहिलं, कारण त्याच्या रोजच्या कामात मध्ये माणूस कमी होता.

२००३ ची सार्सची साथ आणखी बोलकी आहे. चीनमधल्या ग्वांगझोऊच्या कँटन फेअर या व्यापारी जत्रेला जाऊन आलेल्या, अलिबाबा या ऑनलाइन व्यापार कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला सार्स झाल्याची शंका आली आणि हांगझोऊमधली सगळी कंपनी घरी विलगीकरणात गेली. लोकांनी घरून काम चालू ठेवलं. त्याच मे महिन्यात त्यांचं ताओबाओ हे विक्रीचं संकेतस्थळ सुरू झालं. बीजिंगमध्ये रिचर्ड लिऊ यांची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं होती. गिऱ्हाईक तुटलं म्हणून ते ऑनलाइन विकू लागले, त्यातून पुढे जेडी ही कंपनी उभी राहिली. चीनच्या आतली दुकानदारी बदलली. बीएल मात्र होतं तिथेच राहिलं. सार्सचे रुग्ण साऱ्या जगात मिळून आठ हजारांच्या आसपास होते, बहुतेक चीन आणि शेजारच्या प्रदेशांत. व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला, दुबईत किंवा रॉटरडॅममध्ये, कामकाज नेहमीसारखं चालू होतं. त्या टोकाला कागद सोडायची गरजच पडली नाही.

साथ आली की लोक आपोआप ऑनलाइन जातात, हाही समज तपासून बघावा असा आहे. मार्च २०२० मध्ये यूपीआयवर सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले. एप्रिलमध्ये, टाळेबंदी कडक असताना, तो आकडा १०० कोटींच्या किंचित खाली आला. बाजारच बंद असेल तर मोबाईलवरून पैसे तरी कशाचे द्यायचे? दुकानं उघडली, माल हलू लागला, आणि ऑक्टोबरमध्ये आकडा २०७ कोटींवर गेला. व्यवहार जिवंत असेल आणि त्याची जुनी वाट बंद असेल, तेव्हाच तो नव्या वाटेनं जातो. जगाच्या व्यापाराचंही असंच झालं. एप्रिल २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा अंदाज होता की त्या वर्षी मालाचा व्यापार १३ ते ३२ टक्क्यांनी घटेल. घट झाली ५.३ टक्के. सरकारांनी ओतलेला पैसा, घरी बसलेल्या लोकांची वस्तूंची मागणी अशी बरीच कारणं त्यामागे आहेत. कागद अडूनही माल सुटत राहिला, हे त्यातलंच एक.

काय टिकलं, काय परत गेलं

जिथे काम तपासणीचं आणि नोंदीचं होतं, तिथे बदल टिकला. उत्तम उदाहरण कस्टमचं. ८ जून २०२० ला बंगळुरू आणि चेन्नईत चेहराविरहित तपासणी सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२० पर्यंत ती देशभर गेली. जळगावच्या डाळ मिलचा मालक मोझांबिक किंवा म्यानमारहून तूर मागवतो. पूर्वी ती ज्या बंदरात उतरे तिथलाच अधिकारी तिची कागदपत्रं बघे, आणि एजंटाची त्याच्या टेबलाशी ये-जा असे. आता न्हावा शेवाला उतरलेल्या तुरीची कागदपत्रं दुसऱ्याच शहरातला अधिकारी पडद्यावर तपासू शकतो. तो कोण हे मिलवाल्याला कळत नाही आणि मिलवाला कोण याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सुरुवातीला अधिकारी त्या मालाशी अनोळखी असल्यानं शंका वाढल्या, उशीर झाल्याच्या तक्रारी होत्या. तरी लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीनं ही मला या काळातली सगळ्यात मोलाची सुधारणा वाटते. ज्याची ओळख नाही त्याचाही कागद आता त्याच रांगेत लागतो.

जिथे काम नवी ओळख करून घेण्याचं होतं, तिथे लोक पहिल्या संधीला परत फिरले. कँटन फेअर जून २०२० मध्ये पूर्ण ऑनलाइन भरली. २०२३ च्या वसंतात ती पुन्हा माणसांनी भरली. खाद्यपदार्थांची दुबईची गल्फूड ही जत्रा तर साथ चालू असतानाच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, प्रत्यक्ष भरली. केळीचा नवा खरेदीदार बागेत येतो, घड उचलून बघतो, पॅकहाऊसमधलं पाणी बघतो, बांधावर बसून चहा घेतो आणि आपल्याशी बोलता बोलता आपल्याला जोखतो. आम्हीही त्याला जोखतो. २०२० मध्ये आम्ही व्हिडिओ कॉलवर केळीला कॅलिपर लावून जाडी दाखवली, थर्मामीटर दाखवला, खोका उघडून दाखवला. जुन्या खरेदीदारांना ते पुरलं. नव्यांनी बघितलं, छान म्हटलं, आणि मागणी काही नोंदवली नाही. ती दोन वर्षं आम्ही कणगीतलं जुनं धान्य खाऊन काढली. नवीन पेरणी जवळजवळ झालीच नाही.

काही गोष्टींपुढे पडद्याचं काही चाललं नाही. कंटेनर ही लोखंडी पेटी आहे. ती नको त्या बंदरात रिकामी पडली की कुठलंही ॲप तिला इकडे आणत नाही. चाळीस फुटी कंटेनरचं जागतिक सरासरी भाडं साथीआधी दीड हजार डॉलरच्या आसपास असायचं. ड्र्यूरी या सल्लागार संस्थेच्या निर्देशांकात सप्टेंबर २०२१ मध्ये ते दहा हजारांच्या वर गेलं. जळगावच्या एमआयडीसीतले चटई आणि पाइपवाले त्या दिवसांची आठवण काढतात ती याच भाड्याची.

आणि फसवणूक वाढली. ती कशी होते, हे प्रत्येक निर्यातदाराच्या घरातल्या माणसाला माहीत असायला हवं. चोर दोघांपैकी एकाच्या ईमेलमध्ये शिरतो आणि आठवडेभर नुसतं वाचतो. बिल पाठवायची वेळ आली की तुमच्याच भाषेत, तुमच्याच सहीखाली खरेदीदाराला कळवतो की आमचं बँक खातं बदललं आहे. पूर्वी अशा निरोपावर समोरचा चमकला असता. साथीच्या काळात सगळंच बदलत होतं, म्हणून हेही खरं वाटलं. खातं बदलल्याचा निरोप आला तर त्या मेलला उत्तर देऊ नका. आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर फोन लावा आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे हलवू नका.

कुणाच्या मोबाईलवर ओटीपी

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकन असलेली २२ टन केळी दुबईला गेली. अशा साथीत आपल्या गावचं नाव परदेशी बाजारात गेलं याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण निर्यातीच्या मालामागे नोंदी लागतात. कोणती बाग, कधी कटाई, कोणतं औषध कधी मारलं, माल कोणत्या खोक्यात गेला. या नोंदी आता फोनवर आणि संकेतस्थळावर होतात, आणि दोन एकरवाला शेतकरी त्या स्वतः करत नाही. पॅकहाऊसमधला मुलगा करतो, व्यापाऱ्याचा माणूस करतो. लॉगिन त्यांचं, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. बागेचा इतिहास शेतकऱ्याचा असतो आणि तो उघडायची किल्ली दुसऱ्याकडे. उद्या त्यानं खरेदीदार बदलायचा म्हटला तर तो इतिहास त्याच्याबरोबर जाईलच असं नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजून फोनला रेंज शोधत टेकडी चढावी लागते. तिथला आमचूर बनवणारा तर या जाळ्यात यायच्या आधीच बाहेर राहतो. डिजिटल झालेल्या व्यापाराचं मोजमाप करताना किती कागद वाचले हे सगळे मोजतात. किल्ली कुणाच्या हातात गेली, हेही मोजायला हवं, आणि ते शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनी आत्ताच हाती घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

राहिलं बीएल. इतका मोठा धक्का बसूनही २०२१ मध्ये जगातल्या कंटेनर व्यापारात इलेक्ट्रॉनिक बीएलचं प्रमाण शंभरात एक-दोनच होतं. इथे अडचण सवयीची नव्हती, कायद्याची होती. जगातले पुष्कळ व्यापारी करार इंग्लंडच्या कायद्याखाली होतात, आणि तो कायदा म्हणे की ताबा हातात धरता येणाऱ्या वस्तूचाच असतो. संगणकातली फाइल हातात धरता येत नाही, मग तिचा ताबा कसा देणार? टाळेबंदीत हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. ब्रिटनच्या संसदेनं त्यासाठी केलेला कायदा २० सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोठ्या जहाज कंपन्यांनी २०३० पर्यंत सगळी बीएल इलेक्ट्रॉनिक करायचं जाहीर केलं. आपल्याकडे बिल ऑफ लेडिंगचा कायदा १८५६ चा होता. त्याच्या जागी संसदेनं २०२५ मध्ये नवा कायदा केला. गाड्या हलताहेत, पण बँका, विमा कंपन्या आणि दोन्ही देशांची कस्टम खाती अजून एका दोरात बांधलेली आहेत.

नाना आता माल भरायच्या आधीच विचारतात, "मूळ प्रती काढायच्या का टेलेक्स रिलीज?" गेल्या हंगामातल्या त्यांच्या कंटेनरला तीन मूळ प्रती काढल्या. खरेदीदार नवा होता, आणि त्याच्या बँकेनं कागदच मागितला.